पतित राजपुत्र व मरणानंतरची दया

हा लेख वाचतांना लूककृत शुभवर्तमानाचा २३ वा अध्याय समोर उघडा ठेवावा, अशी आमची विनंति आहे. त्यांतील दोन अपराध्यांकडे आपणांस पुढें यावयाचेंच आहे. परंतु आधीं एका अशा मनुष्याची हकीकत सांगणें प्राप्त आहे, कीं जो ह्या पृथ्वीवर कधीं जन्मलाच नाहीं.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण शिक्षणासाठीं शहरांत राहतात, आणि संगणकावर खेळले जाणारे मोठमोठे कथारूप खेळ तेथें त्यांच्या पाहण्यांत येतात. त्या खेळांत राजे, वीर, राक्षस व मांत्रिक असतात. चांगला मनुष्य बिघडून दुष्ट होतो, लढाईंत मारला जातो, आणि अलीकडील खेळांत तर मरणानंतरच्या लोकांतही त्याची कथा पुढें चालते. मग तरुण विचारतात, “अशा मनुष्यास मेल्यानंतर दया मिळणें योग्य आहे काय?” कोणी उपदेशक म्हणतील कीं, ज्यास आत्माच नाहीं त्याच्या तारणाची चर्चा कशाला? आम्हांस हें म्हणणें पटत नाहीं. उधळ्या पुत्राचें नांव-गांव तरी शास्त्रांत कोठें दिलें आहे? तो दाखल्यांतला पुत्र. तथापि त्याच्यासाठीं किती जणांनीं अश्रु ढाळले! खेळांतल्या राजपुत्रास आत्मा नसेल. विचारणाऱ्या मुलास तो आहे, एवढें आम्हांस पुरे.

अमेरिकेतील ब्लिझर्ड नांवाच्या कंपनीनें ‘वॉरक्राफ्ट’ ह्या नांवाखालीं खेळांची एक मालिका काढिली आहे. तिच्यांतील २००२ सालच्या तिसऱ्या खेळांत आर्थस नांवाचा एक राजपुत्र आहे. हा लॉर्डेरॉनच्या टेरेनस राजाचा एकुलता पुत्र. उथर नांवाच्या वृद्ध धर्मवीराच्या हाताखालीं तो वाढला. रोग्यांस बरें करावें व दुर्बळांचें रक्षण करावें अशी त्याची शपथ होती. मग त्याच्या देशांत एक विलक्षण रोग पसरला. हा रोग धान्यांतून येई. वैऱ्यांनीं कोठारांतील धान्य बाधित करून गांवोगांव पाठविलें, आणि ती भाकर खाणारा मनुष्य मरून पुन्हां उठे व आपल्याच घरच्यांवर धांवून जाई. ज्यांनीं घरांतल्या धान्याला कीड लागलेली पाहिली आहे त्या आमच्या वाचकांस ह्यांतली भीति निराळी समजावून सांगावयास नको.

आर्थस स्ट्रॅथोम नांवाच्या नगरास पोहोंचला तों धान्य घरोघरीं वाटून झालें होतें. तेव्हां त्यानें ठरविलें कीं, हे लोक आतां मेल्यासारखेच आहेत. ते शत्रूचे सैनिक होण्यापूर्वीं सर्वांस मारून टाकावें. उथरानें साफ नकार दिला. आर्थसानें आपल्याच गुरूस राजद्रोही म्हणून दूर सारिलें. त्याच्यावर प्रेम करणारी जैनाही पाठ फिरवून निघून गेली. त्यानें नगर कापून काढिलें. पुढें शत्रूचा पाठलाग करीत तो उत्तरेकडील बर्फाच्या देशांत गेला. सैन्यानें परत यावें असा राजाचा हुकूम आला, तेव्हां त्यानें गुपचूप स्वतःचींच जहाजें जाळविलीं, आणि दोष त्या कामासाठीं भाड्यानें ठेविलेल्यांवर ढकलिला. शेवटीं एक शापित तलवार त्यास सांपडली. तिच्यावरच तिचा शाप लिहिलेला होता, सोबत्यानेंही सावध केलें. पण प्रजा वांचत असेल तर वाटेल तें मोल देऊं, असें म्हणून त्यानें ती घेतली, आणि तिनें पहिल्या प्रथम त्याचाच आत्मा गिळिला. तो घरीं परतला त्या दिवशीं लोकांनीं त्याच्यावर फुलें उधळिलीं. त्यानें दरबारांत जाऊन सिंहासनावर बसलेल्या बापास ठार मारिलें. मागाहून उथरासही मारिलें.

ही गोष्ट आम्हीं इतक्या विस्तारानें सांगितली ह्याचें कारण आहे. ह्या मनुष्याचें पतन दुष्टपणाच्या इच्छेपासून सुरू झालें नाहीं. लोकांस वांचवावें ह्या इच्छेपासून तें सुरू झालें. मात्र प्रत्येक पायरीवर कोणी तरी “थांब” म्हणणारा उभा होता: गुरु, प्रिया, बाप, सोबती, व शेवटीं तलवारीवरचीं अक्षरें. त्यानें एकेक तोंड बंद केलें. मंडळींत आम्हीं जीं पतनें पाहिलीं त्यांपैकीं बहुतेक अशींच झालीं. चोरी करावी म्हणून मंडळीच्या पैशास कोणी हात लावीत नाहीं. मुलाच्या आजारासाठीं चार दिवस घेतो, आणि हिशेब विचारणारा वडील त्यास शत्रूसारखा वाटूं लागतो.

२००९ सालीं त्या खेळाच्या पुढील भागांत आर्थस मारला गेला. मरतांना त्याच्या बापाची छाया त्याच्याजवळ आली. हें सर्व संपलें काय, असें त्यानें बापास विचारिलें, आणि आपणांस पुढें केवळ काळोख दिसतो असें सांगून तो मेला. पश्चात्तापाचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. पण बापाला हांक मारावी इतकें त्याच्यांत उरलें होतें. अनेक वर्षें खेळणारे लोक ह्या एका हांकेवरच वाद घालीत राहिले.

पुढें २०२० सालीं ‘शॅडोलँड्स’ नांवाचा भाग निघाला, आणि त्यांत मेलेल्यांचा लोकच खेळणाऱ्यांपुढें उघडा केला गेला. त्या लोकाची रचना अशी: एक न्याय करणारी आहे; ती प्रत्येक आत्मा पाहून त्यास योग्य ठिकाणीं पाठविते. ज्यांस कांहींच आशा नाहीं त्यांच्यासाठीं ‘जबडा’ ह्या अर्थाच्या नांवाचें एक ठिकाण आहे, त्यांतून कोणी परत येत नाहीं. आणि गर्विष्ठ पातक्यांसाठीं रेव्हेंड्रेथ नांवाचा एक प्रदेश आहे. तेथें यातना देऊन त्यांचा गर्व उतरवितात, व तो उतरला कीं त्यांस पुढें जातां येतें.

हें वाचतांच आमच्या उपदेशकांस रोमी मंडळीच्या शुद्धिस्थानाची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. इटलींतील दांते कवीनें चौदाव्या शतकाच्या आरंभीं ह्या शुद्धिस्थानाचा पर्वत वर्णिला, त्याच्या अगदीं पहिल्या कड्यावरही गर्विष्ठच आहेत. त्या यातना द्रव्य देऊन कमी होतात अशा समजुतीनें क्षमापत्रें विकलीं जाऊं लागलीं, तेव्हां १५१७ सालीं मार्टिन लूथरनें आपलीं ९५ विधानें पुढें मांडिलीं, हें आपणां प्रोटेस्टंट लोकांस लहानपणापासून शिकविलें जातें. गंमत अशी कीं, रेव्हेंड्रेथचा जो अधिपति आहे तोही शेवटीं कपटी निघतो. लोकांचा गर्व उतरविणें हें ज्याचें काम, तोच स्वतः गर्वानें भरलेला. खेळ रचणाऱ्यांनीं लूथर वाचला होता कीं नाहीं हें त्यांचें त्यांस ठाऊक!

ह्या लोकांत जे चार आत्मे दाखविले आहेत त्यांचें पाहूं.

आर्थसाचा आत्मा न्याय करणारीपुढें पोहोंचलाच नाहीं. ज्या उथरास त्यानें मारिलें होतें, तो उथर मरणानंतर पंखधारी सेवकांत गेला होता. त्यानें आर्थसाचा आत्मा मध्येंच धरिला आणि न्याय न होऊं देतां तो जबड्यांत फेंकून दिला. त्या वेळीं त्यास तो न्याय वाटला. तो सूड होता, हें त्यास पुढें कळून आलें. आम्हांस वाटतें कीं ह्या सर्व कथेंत हा प्रसंग सर्वांत खरा आहे. उथर साधु होता, त्याच्यावर झालेला अन्यायही खरा होता. तरी देखील न्यायासनावर जो बसावयाचा त्यास बाजूस सारून त्यानें स्वतः निकाल दिला. आपणही एखाद्याविषयीं “तो नरकांतच जाणार” असें म्हणतों तेव्हां हेंच करितों. खून झालेल्याच्या आईनें असें म्हटलें तर आम्ही तिला एक शब्दही बोलणार नाहीं; तिच्याजवळ बसून राहूं. परंतु ज्यांचें कांहीं गेलेलें नाहीं अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं तें म्हणणें ही निराळी गोष्ट आहे.

दुसरा आत्मा केल्थस नांवाच्या राजपुत्राचा. आपल्या लोकांच्या दुःखानें वेडा होऊन तो दैत्यांस मिळाला होता, आणि २००८ सालापर्यंत खेळणाऱ्यांनीं त्यास एकदां नव्हे, दोन निरनिराळ्या ठिकाणीं पराभूत केलें होतें. २०२० सालीं तो रेव्हेंड्रेथमध्यें प्रायश्चित्त भोगतांना आढळतो. तेथील लढाईंत त्याचा आत्मा क्षीण होऊन पडतो, आणि खेळणाऱ्यांचें काम असें कीं ह्या वेळीं त्यास मारावयाचें नाहीं, तर आपल्या सामर्थ्यानें त्यास बरें करावयाचें! हा खेळाचा नियम ज्यानें बसविला त्यास आम्ही शाबासकी देतों. वैऱ्यावर प्रेम करा हा उपदेश आम्ही किती वेळां केला असेल. पण ज्याला पाडलें त्यालाच हात देऊन उठविण्याचा सराव कोणास करावयास लाविला नाहीं.

तिसरा गॅरोश. ह्यानें २०१२ सालच्या कथेंत एक सबंध शहर एका भयंकर अस्त्रानें नाहींसें केलें. २०२१ सालीं त्याचा आत्मा जळून नष्ट होतांना दाखविला आहे, आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्यास पश्चात्ताप झाला नाहीं. त्याच्यासाठीं दार बंद होतें असें कोणी म्हणूं शकत नाहीं. यातनांच्या मध्येंही तो आपल्या गर्वास घट्ट धरून राहिला. ह्यावरून एवढें दिसतें कीं नुसत्या यातनेनें मन पालटत नाहीं. फारोनें दहा पीडा सोसल्या, तरी मोकळे झालेल्या लोकांच्या पाठीस रथ घेऊन तो समुद्रापर्यंत गेलाच.

चौथी सिल्व्हानस, आणि तिचा प्रश्न सर्वांत अवघड. ही आपल्या नगराचें रक्षण करणारी सेनानायिका होती. आर्थसानें तिला मारिलें आणि मेल्यावरही सोडिलें नाहीं. तिचा आत्मा बळजबरीनें आपला गुलाम केला. पुढें ती त्याच्या ताब्यांतून सुटली. परंतु सुटल्यावर ती स्वतःच क्रूर झाली, आणि २०१८ सालच्या कथेंत तिनें वैऱ्यांचें वृक्षावर वसलेलें नगर आंतील बायकामुलांसह जाळिलें. नंतर असें उघड झालें कीं शापित तलवारीनें तिच्या आत्म्याचा एक तुकडा तोडून घेतला होता. २०२१ सालीं तो तिला परत मिळाला, आणि तेव्हां तिला आपण काय केलें हें कळून ती दुःखानें विव्हळ झाली. येथें खेळणाऱ्यांत मोठें भांडण माजलें. कोणी म्हणाले, आत्माच तुटलेला होता, मग तिचा काय दोष? कोणी म्हणाले, ही तर सोयीची सबब झाली!

बंधूंनो, हें भांडण आमच्या परिचयाचें आहे. “माझ्या हातून झालें नाहीं, दारूनें करविलें.” “सैतानानें बुद्धि फिरविली.” एदेन बागेंत आदामानें स्त्रीकडे बोट दाखविलें आणि स्त्रीनें सर्पाकडे, तेव्हांपासून हें चालत आलें आहे. आणि ह्यांत थोडें सत्यही असतें, म्हणूनच तें अवघड आहे. ज्या मुलानें बापाचा मार खात दिवस काढिले, तो मोठेपणीं बायकोवर हात उगारतो तेव्हां त्याचाही एक तुकडा कोणी तरी तोडून नेलेला असतो. त्याच्यासाठीं आम्हांस रडूं येतें. परंतु बायकोच्या हातावरचा वळ त्यामुळें पुसला जात नाहीं. देवानें सर्पास शाप दिला. तथापि आदामास व हव्वेस त्यानें निर्दोष म्हणून सोडिलें नाहीं, आणि बागेबाहेर घालण्यापूर्वीं त्यांस चामड्याचीं वस्त्रेंही करून दिलीं. दोष व दया हीं दोन्हीं एकाच दिवशीं, एकाच हातानें.

सिल्व्हानसचा निकाल कोणीं द्यावा? तो टायरांडे नांवाच्या महायाजिकेवर सोंपविला गेला, कारण जळालेलें नगर तिचें होतें. तिनें सिल्व्हानसला ठार केलें नाहीं, माफही केलें नाहीं. तिनें सांगितलें कीं, तुझ्यामुळें जे आत्मे जबड्यांत पडले त्यांस शोधण्यास तूं स्वतः तेथें उतर, आणि शेवटचा आत्मा सुटेपर्यंत तें काम कर. येथें आम्हांस जक्कय आठवतो. प्रभु त्याच्या घरीं जेवावयास आला तो त्यानें कांहीं फेडण्यापूर्वींच आला; परंतु प्रभु घरांत आल्यावर जक्कयाच्यानें गप्प बसवेना, ज्यांचें लुबाडलें त्यांस चौपट परत देतों असें तो आपण होऊन बोलला. टायरांडेच्या निकालांत चौपटीची भरपाई आहे; घरीं येऊन जेवणारा प्रभु मात्र नाहीं. म्हणून ती कथा मनाला पटते पण मनास समाधान देत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. “योग्य आहे काय?” ह्या शब्दांतच सर्व अडचण आहे. करावें तसें भरावें, हें आमच्या बापजाद्यांपासून आमच्या तोंडीं बसलेलें आहे, आणि ख्रिस्ती झालों म्हणून तें तोंडांतून गेलें असें नाहीं. योग्यता पाहावयाची तर आर्थस अयोग्य, सिल्व्हानस अयोग्य, आणि हा लेख लिहिणारे व वाचणारे आपणही अयोग्य. लूकाच्या २३ व्या अध्यायांतील अपराध्यानें आपल्या सोबत्यास काय सांगितलें तें पाहा: आपणांस मिळाली ती शिक्षा आपल्या कृत्यांजोगीच आहे, हा मात्र निरपराधी आहे. योग्यतेचा प्रश्न त्यानें स्वतःच्या विरुद्ध निकालांत काढिला, आणि मग केवळ आपली आठवण ठेवावी एवढेंच प्रभूपाशीं मागितलें. त्याच दिवशीं सुखलोकांत सोबत असण्याचें वचन त्यास मिळालें. त्यानें कोणास लुटलें होतें, त्याचें घर कोठें होतें, त्या लुटलेल्यांस हें ऐकून काय वाटलें असतें, शास्त्र ह्यांतलें कांहींच सांगत नाहीं.

परंतु तो अजून जिवंत होता. ही गोष्ट उपदेशकांनीं तरुणांपुढें मृदुपणानें पण स्पष्ट ठेवावी. लूकाच्या १६ व्या अध्यायांतील श्रीमंत मनुष्य मरणानंतर अब्राहामास हांक मारितो, त्याचा स्वर नम्रही आहे, भावांची काळजीही त्यास वाटते. तरी मधली दरी ओलांडतां येत नाहीं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या अध्यायांतही एकदां मरण व त्यानंतर न्याय असाच क्रम आहे. अलेक्झांड्रियाचा ओरिजेन हा तिसऱ्या शतकांतील मोठा विद्वान. शेवटीं सर्वच पतितांचें पुनःस्थापन होईल अशा आशेकडे तो झुकला होता. ५५३ सालच्या कॉन्स्टांटिनोपलच्या परिषदेशीं ज्या निषेधांचा संबंध जोडला जातो, त्यांत ही शिकवण धिक्कारली गेली. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायांत बंदींतल्या आत्म्यांस घोषणा केल्याचा जो उल्लेख आहे, तो तरुण हमखास काढतील. तो भाग कठीण आहे, मोठमोठ्या भाष्यकारांचेंही त्यावर एकमत नाहीं. त्यावर मरणानंतरच्या दुसऱ्या संधीची इमारत उभारूं नये, असें आमचें मत आहे.

मग खेळ रचणाऱ्यांनीं मरणानंतर प्रायश्चित्ताचा प्रदेश कां रचिला? आमच्या समजुतीनें, कारण आर्थसाची ती शेवटची हांक त्यांस सोडवत नव्हती. ज्यास आपण चांगला असतांना पाहिलें त्याचा शेवट काळोखांत व्हावा हें मनुष्याच्या मनास सोसत नाहीं. ही असह्यता वाईट नव्हे. दुष्टाच्या मरणांत देवास संतोष नाहीं, हें यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथांत सांगितलेलेंच आहे. पुढें २०२२ सालीं आर्थसाच्या आत्म्याची एक क्षीण ठिणगी उरलेली दाखविली; उथर, जैना व सिल्व्हानस तिच्याभोंवतीं उभीं राहिलीं, थोडे शब्द झाले, आणि ती विझून गेली. पुष्कळ खेळणारे नाराज झाले: एवढ्या मोठ्या कथेचा इतकाच शेवट! ती नाराजी आम्हांस फार कांहीं सांगून जाते. त्यांस क्षमा पाहावयाची होती किंवा न्याय पाहावयाचा होता. विझणें कोणासच नको होतें.

जे म्हणतात कीं इतक्या रक्तपातानंतर पालटणें शक्यच नाहीं, त्यांस मनश्शे राजा दाखवावा. तो यरुशलेमांत ५५ वर्षें राजा होता. त्यानें स्वतःचे पुत्र अग्नींतून चालविले, व नगर निर्दोष रक्तानें भरून टाकिलें. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत त्याच्या पश्चात्तापाचा शब्द नाहीं, पण इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायांत आहे: बेड्या घालून त्यास बाबेलास नेलें, तेथें तो लीन झाला, आणि देवानें त्याची प्रार्थना ऐकून त्यास परत आणिलें. परत आल्यावर त्यानें स्वतः उभारलेल्या मूर्ति स्वतः काढून टाकिल्या. मारलेले मात्र परत आले नाहींत.

आणि ज्यांस टायरांडेच्या जागीं बसावें लागतें, म्हणजे ज्यांच्या घरावर वार झाला आहे, त्यांच्यासाठीं दमिष्कांतील हनन्या आहे. शौल विश्वासणाऱ्यांस बांधून नेण्याचा अधिकार घेऊन त्या नगराकडे निघाला होता. हनन्याही त्या बांधल्या जाणाऱ्यांपैकींच एक झाला असता. शौलाकडे जा, असें प्रभूनें सांगितलें तेव्हां हनन्या लगेच तयार झाला नाहीं. ह्या मनुष्यानें यरुशलेमांत किती वाईट केलें हें आपण ऐकिलें आहे, असें त्यानें प्रभूसच सांगितलें, आणि तें ऐकून प्रभु त्याच्यावर रागावला नाहीं. मग तो त्या घरीं गेला, आंधळ्या झालेल्या मनुष्यावर हात ठेविले, आणि त्यास बंधु म्हणून हांक मारिली. स्तेफनाच्या घरच्या मंडळींनीं पुढें कधीं पौलास त्या नांवानें हांक मारिली काय, हें मात्र लूकानें लिहिलेलें नाहीं.